पावसाळ्यात गेलेला बोर्ड, वाचलेला ५६००जी: गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड निवडण्याचे एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला हा पीसी. मालक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. जुलै २०२५ मध्ये एका संध्याकाळी वीज दोनतीनदा आली-गेली आणि त्यानंतर पीसी सुरू होईना. बटण दाबले की पंखा अर्धा फेरा मारायचा आणि सगळे शांत.

आतले भाग असे: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, २०२१च्या अखेरीस घेतलेला ए५२० चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० स्टिक, नंतर घातलेले आरटीएक्स ४०६० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. बोर्डाची तीन वर्षांची वॉरंटी संपलेली. हाताशी १२ हजार रुपये, दिवाळीनंतर आणखी तेवढेच येणार. दुकानातून सल्ला मिळाला होता, "बोर्ड गेलाच आहे तर आता एएम५ वर जा, पुढची पाच वर्षं बघायला नको." एएम५ म्हणजे एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचे सॉकेट, ५६००जीचे ते एएम४. त्या सल्ल्याचे कोटेशन ३८ हजारांचे होते.

आधी खात्री: गेले आहे ते बोर्डच का

बोर्ड निवडण्याआधी हा टप्पा टाळला की पैसे वाया जातात. नवा बोर्ड आणून लावल्यावर कळते की दोष एसएमपीएसमध्ये होता.

एसएमपीएस बोर्डापासून पूर्ण सोडवून २४ पिनांच्या जोडातली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला पेपर क्लिपने जोडली. तारा सगळ्या काळ्या असतील तर १६ व्या क्रमांकाची पिन मोजून घ्यायची. पंखा फिरत राहिला. मल्टिमीटरवर १२ व्होल्टच्या तारेवर १२.१ आणि स्टँडबायच्या जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट दिसले. १२ व्होल्टसाठी ११.४ ते १२.६ हा पट्टा मान्य आहे. एवढ्याने एसएमपीएस लोडखाली टिकेलच असे सिद्ध होत नाही, पण सुरूच न होण्याचे कारण तो नाही एवढे पुरेसे कळते.

मग बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला. वर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक स्टिक. ग्राफिक्स कार्डही काढले, कारण ५६००जीमध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे आणि डिस्प्ले बोर्डाच्या एचडीएमआयमधून मिळतो. तरी तेच. आता प्रोसेसरची ८ पिनांची तार काढून बटण दाबले, तर पंखा फिरत राहिला. ती तार लावली की एसएमपीएस लगेच बंद पडायचा. याचा अर्थ प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात, म्हणजे व्हीआरएममध्ये किंवा खुद्द प्रोसेसरमध्ये शॉर्ट आहे.

दोन्हीतले कोणते, हे प्रोसेसर काढूनच मोजावे लागते. प्रोसेसर जागेवर असताना चोक (व्हीआरएममधली गुंडाळी) आणि ग्राउंड यांच्यात रोध मुळातच फार कमी असतो आणि मल्टिमीटर शॉर्टची बीप उगाच देतो. इथे प्रोसेसर काढल्यावरही ८ पिनांच्या जोडातल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बीप आली आणि १२ व्होल्टपासून चोकपर्यंतही आली. एका फेजचे, म्हणजे व्हीआरएमच्या एका विभागाचे, मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) आरपार गेले होते. शॉर्ट बोर्डावर आहे हे पक्के झाले, पण त्याचबरोबर १२ व्होल्टला प्रोसेसरकडे जाण्याची वाट उघडी झाली होती हेही. ५६००जी सव्वा व्होल्टच्या आसपास चालतो. तो वाचला आहे की नाही, यावर पुढचा सगळा हिशेब फिरतो.

प्रोसेसर काढताना एक धोका एएम४ मध्येच आहे. पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड सैल असते. थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर कूलर सरळ वर ओढल्यावर लॉक असूनही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. चालू पीसीत आधी दहा मिनिटे गेम चालवून पेस्ट गरम करून घेता येते. बंद बोर्डावर हेअर ड्रायरने कूलरचा तळ कोमट करायचा, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत पकड सोडवायची आणि मगच उचलायचा.

काढलेला प्रोसेसर सातारा शहरातल्या एका दुकानात त्यांच्या चाचणीच्या बोर्डावर लावून पाहिला. जुन्या बोर्डावर शॉर्ट झाला होता हे त्यांना आधी सांगितले. ते सांगायलाच हवे, बोर्ड त्यांचा पणाला लागतो. डिस्प्ले आला आणि अर्धा तास लोड दिल्यावरही काही बिघडले नाही. एसएमपीएसने शॉर्ट होताच वीज तोडली म्हणून प्रोसेसर वाचला. अगदी स्वस्तातला, नाव नसलेला एसएमपीएस असता तर ही खात्री देता आली नसती.

बोर्ड का गेला

नवा बोर्ड निवडताना हे उपयोगी पडते, म्हणून थोडे थांबून. जुन्या बोर्डाच्या व्हीआरएमवर हीटसिंक नव्हता. ५६००जीच्या डब्यात जो कूलर येतो तो हवा खाली फेकतो, म्हणजे आजूबाजूच्या मॉसफेटवरूनही हवा फिरते. मालकाने दोन वर्षांपूर्वी आवाज कमी व्हावा म्हणून टॉवर कूलर बसवला. टॉवर कूलरची हवा बोर्डाला समांतर मागच्या पंख्याकडे जाते. प्रोसेसर थंड राहिला, मॉसफेट मात्र तापत राहिले. त्यावर धुळीचा थर, पावसाळ्यातली ओल आणि अस्थिर वीज. टॉवर कूलर चांगलाच असतो. हीटसिंक नसलेल्या बोर्डावर तो बसवताना मागे १२० मिमीचा एक पंखा त्या दिशेची हवा ओढेल असा हवा, एवढेच. या कॅबिनेटच्या मागच्या बाजूला पंखाच नव्हता.

चार वाटा

पहिली, चिप-लेव्हल दुरुस्ती. मॉसफेट बदलून मिळतात आणि खर्चही कमी. पण आरपार गेलेल्या फेजबरोबर त्याचा ड्रायव्हर आणि कधी कंट्रोलरही दुखावलेला असतो. हमी मिळते ती महिनाभराची. या बोर्डावर पुढे आठ कोअरचा प्रोसेसर घालायचा असता तर आधीच्याच उणिवा पुन्हा समोर आल्या असत्या. ज्याला फक्त जुना डेटा काढून पीसी विकायचा आहे त्याच्यासाठी ही वाट ठीक.

दुसरी, दुकानाने सुचवलेली एएम५. त्यात बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही नवे लागतात, कारण एएम५ वर डीडीआर४ चालतच नाही. तेव्हाच्या भावांनी रायझन ५ ७६०० साधारण १७-१८ हजार, बी६५०चा बरा बोर्ड ११-१३ हजार, ३२ जीबी डीडीआर५ ८-९ हजार. पुढची बढती त्याच बोर्डावर होते हा या वाटेचा खरा गुण. पण ३८ हजार घालून आरटीएक्स ४०६० तेच राहते आणि १०८०पीवर जड गेममध्ये अडतो तो बहुतेक वेळा कार्डच. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढल्यावर ही वाट आणखी महाग झाली.

तिसरी, इंटेल कोअर आय५ १२४००एफ आणि डीडीआर४ चालणारा बी७६० बोर्ड. जुनी रॅम वाचते, पण सॉकेटची वाट तिथेही संपलेलीच आणि खर्च २० हजारांच्या घरात. प्रोसेसर जळला असता तर हिचा गंभीर विचार झाला असता.

चौथी, त्याच प्रोसेसरसाठी नवा एएम४ बोर्ड. प्रोसेसर, रॅम, कूलर सगळे चालू आहे, त्यामुळे खर्च फक्त बोर्डाचा. हीच निवडली. आता प्रश्न उरला तो कोणत्या चिपसेटचा, आणि या प्रकरणातली खरी गुंतागुंत तिथेच आहे.

ए५२०, बी४५० की बी५५०

तिन्हींवर ५६००जी चालतो. ए५२० आणि बी५५० यांच्या भावांत तीन-चार हजारांचा फरक होता. तो द्यावा का, हे ठरवायला ग्राफिक्स कार्डाच्या माहितीच्या वाटेकडे पाहावे लागते.

आरटीएक्स ४०६० लांबीने १६ लेनच्या (लेन म्हणजे माहिती वाहणारी मार्गिका) स्लॉटमध्ये बसते, पण आतून ते ८ लेनचेच कार्ड आहे. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारी वाट. तिच्या ४.० या पिढीवर ८ लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे १५.८ जीबी माहिती जाते, ३.० वर त्याच्या निम्मी, ७.९ जीबी. १६ लेनचे कार्ड ३.० वर गेले तरी त्याच्याकडे १५.८ शिल्लक राहतात. ८ लेनच्या कार्डाला ही सवलत नाही. फरक कधी दिसतो? गेमचे टेक्स्चर कार्डाच्या ८ जीबीत मावत असतील तर जवळजवळ नाहीच. मेमरी भरली की उरलेले सामान रॅममधून याच वाटेने ये-जा करते आणि तेव्हा सरासरी फ्रेमपेक्षा मध्येच बसणारे झटके जास्त जाणवतात. ८ जीबीचे कार्ड नव्या गेममध्ये अल्ट्रा सेटिंगला भरते, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नाही.

ए५२० आणि बी४५० वर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआयई ३.० आहे. बी५५० वर ग्राफिक्सचा स्लॉट आणि पहिला एम.२ (एसएसडीचा स्लॉट) हे दोन्ही ४.० आहेत. म्हणजे बी५५० घ्यावा, असे वाटते. पण इथे एक खाच आहे. त्या दोन्ही लेन चिपसेटमधून येत नाहीत, थेट प्रोसेसरमधून येतात. ५६००जी हा मूळचा लॅपटॉपच्या धर्तीचा प्रोसेसर आहे आणि त्याच्याकडे फक्त पीसीआयई ३.० आहे. म्हणजे आज बी५५० घेतला तरी आरटीएक्स ४०६० चालणार ३.० वरच, अगदी ए५२० वर चालत होते तसेच.

मग बी५५०ला जास्तीचे पैसे का द्यायचे? दिवाळीनंतरच्या खरेदीसाठी. तेव्हा ५७००एक्स घ्यायचा असे ठरले. तो ८ कोअरचा, ५६००जीच्या १६ एमबीऐवजी ३२ एमबी एल३ कॅशचा, आणि ४.० लेन असलेला. तो बसेल त्या दिवशी बी५५०वर कार्डाची वाट दुप्पट रुंद होईल. ए५२०वर प्रोसेसर बदलूनही वाट तेवढीच राहील. प्रोसेसर कधीच बदलायचा नसता तर ए५२० किंवा बी४५० घेऊन वाचलेले तीन-चार हजार दुसऱ्या एसएसडीत घालणे योग्य ठरले असते. आमचे मत इथे ठाम आहे: ५६००जी कायम ठेवणाऱ्याला गेमिंगसाठी बी५५० विकणे म्हणजे त्याला न वापरता येणारी वस्तू विकणे.

नावांकडे लक्ष द्यायला हवे. रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स यांत एका अक्षराचा फरक आहे, पण ५७०० हा ५६००जीच्याच कुळातला, ३.० लेनचा आणि १६ एमबी कॅशचा. ५५०० आणि ५६००जीटीही तसेच. ५६००, ५६००एक्स, ५७००एक्स, ५८००एक्स आणि ३डी कॅशवाले यांच्याकडे ४.० आहे. दुकानात "५७०० आहे, तोच तो" असे ऐकू आले तर डब्यावरचे नाव स्वतः वाचा.

एक्स५७० चा विचार केला नाही. त्याचा चिपसेटही ४.० आहे, पण एका कार्डाच्या आणि एका एनव्हीएमईच्या पीसीला ते लागत नाही, आणि बऱ्याच एक्स५७० बोर्डांवर चिपसेटवर छोटा पंखा असतो. धुळीच्या गावात तोच आधी आवाज करू लागतो.

बी५५०मध्ये कोणता

या पीसीच्या गरजा मोजक्या होत्या. राउटर दुसऱ्या खोलीत, म्हणून वाय-फाय. हीटसिंक असलेला व्हीआरएम. रॅमचे चार स्लॉट. दोन एम.२. प्रोसेसर न लावता बायोस (बोर्डाचे स्वतःचे सॉफ्टवेअर) बदलण्याची सोय. दोन पंखे जोडण्यापुरते फॅन हेडर.

व्हीआरएमच्या बाबतीत डब्यावरचा फेजचा आकडा पाहून भुलू नये. ५६००जी आणि ५७००एक्स दोघेही ६५ वॉट वर्गातले, जास्तीत जास्त ८८ वॉटच्या आत राहणारे. १.२ व्होल्टला ८८ वॉट म्हणजे सुमारे ७३ अँपिअर. चार फेजमध्ये वाटले तर प्रत्येकी १८ अँपिअर, म्हणजे साध्या पण हीटसिंक असलेल्या ४+२ फेजच्या बोर्डाला सहज पेलेल असे काम. पुढे ५८००एक्स किंवा ५७००एक्स३डी घालायचा असेल तर मर्यादा १४२ वॉटपर्यंत जाते आणि तेव्हा ८ फेजच्या बोर्डाचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. आकड्यातला दुसरा भाग, म्हणजे '+२', प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्स आणि मेमरी कंट्रोलरचा. कार्ड लावलेल्या पीसीत त्यावर फारसा भार नसतो.

तीन बोर्ड समोर ठेवले. गिगाबाइट बी५५०एम डीएस३एच, एमएसआय बी५५०एम प्रो-व्हीडीएच वाय-फाय आणि आसुस टफ गेमिंग बी५५०एम-प्लस. टफचा ८+२ व्हीआरएम तिघांत सरस, २.५ गिगाबिट लॅनही आहे. पण घरचे इंटरनेट १०० एमबीपीएसचे आणि प्रोसेसर ८८ वॉटच्या आतला, दोन्ही गोष्टी वाया. शिवाय वाय-फाय हवे तर त्याची वेगळी, महाग आवृत्ती. डीएस३एच स्वस्त पडत होता, पण वाय-फायसाठी वेगळे कार्ड लागले असते. मायक्रो-एटीएक्सवर दोन स्लॉट जाडीचे ग्राफिक्स कार्ड शेजारचा स्लॉट झाकते, त्यामुळे असे कार्ड घेण्याआधी बोर्डाच्या फोटोवर स्लॉट मोजावे लागतात. यूएसबीचा छोटा डोंगल चालतो, पण ऑनलाइन गेममध्ये पिंग उडते. प्रो-व्हीडीएच वाय-फायमध्ये ४+२+१ व्हीआरएम, चार रॅम स्लॉट, दोन एम.२, वाय-फाय आणि फ्लॅश बायोसचे बटण हे सगळे मिळत होते. साडेनऊ हजारांत तोच घेतला.

रॅमचे चार स्लॉट का? ८+८ वरून ३२ वर जायचे तर दोन स्लॉटच्या बोर्डावर जुन्या स्टिक विकाव्या लागतात. चार स्लॉटवर तशाच आणखी दोन घालता येतात, फक्त चारही भरल्यावर एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला वेग ३२००च्या खाली येतो. बहुतेकदा ३२०० चालून जातो, न चालल्यास २९३३ वर आणावा.

दुसऱ्या एम.२ बद्दल मॅन्युअल वाचूनच बोर्ड ठरवावा. बी५५० वर तो चिपसेटमधून ३.० वर चालतो आणि अनेक बोर्डांवर तो भरला की एखाददोन साटा पोर्ट बंद होतात. नवी एसएसडी लावल्यावर "हार्ड डिस्क दिसेनाशी झाली" ही तक्रार बहुधा यातूनच येते. मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदीआधीच उतरवता येते.

काउंटरवर

डबा दुकानातच उघडून पाहिला. मागची पट्टी, साटाच्या तारा, वाय-फायचा अँटेना आणि एम.२ चा तो इवलासा स्क्रू. हा स्क्रू हरवला तर गावात मिळत नाही. बिलावर बोर्डाचा सिरीयल नंबर आणि जीएसटी दोन्ही लिहून घेतले, कारण वॉरंटीत हेच मागतात. डब्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असा शिक्का होता. बी५५० बोर्ड २०२० मध्ये आले, ५६००जी बाजारात आला ऑगस्ट २०२१ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या पहिल्या खेपेच्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि सगळे जोडूनही पडदा काळाच राहतो. शिक्का असला तरी नवा बायोस घालून मगच पुढे गेलेले बरे.

जोडणी

बायोस आधी. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉर्मॅट केला, कंपनीच्या पानावरून त्याच मॉडेलची फाइल घेऊन तिचे नाव 'एमएसआय.रॉम' या अक्षरांचे इंग्रजी नाव केले. बोर्डाला २४ आणि ८ पिनांच्या तारा लावल्या, पेन ड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच घातला आणि बटण दाबले. दिवा लुकलुकत राहतो, पाचेक मिनिटांनी थांबतो. या वेळात वीज जाऊ नये म्हणून एसएमपीएस यूपीएसवर होता. बहुतेक जण फसतात ते फाइलच्या नावात: विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपलेले असते आणि शेवटी दोनदा लागते.

कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवण्याआधी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) मोजले. जुन्या बोर्डाला आठ छिद्रे होती. नव्याचे एक छिद्र वेगळ्या जागी निघाले आणि जुना एक स्टँडऑफ बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकेल असा उभा राहिला. तो काढला. असा राहिलेला एक स्टँडऑफ नवा बोर्ड पहिल्याच बटणाला घालवू शकतो.

दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर पीसी चालतो, पण रॅम एकाच वाहिनीवर चालते आणि गेममध्ये फ्रेम ढासळतात. कॅबिनेटच्या पंख्यांचा एलईडी जोड ५ व्होल्टचा, तीन पिनांचा होता. बोर्डावर त्याच्या शेजारीच १२ व्होल्टचा चार पिनांचा जोड असतो. चुकीच्या ठिकाणी घातला तर दिवे तिथल्या तिथे जळतात. या वेळी कॅबिनेटच्या मागे १२० मिमीचा पंखाही बसवला.

बायोस आणि विंडोज

बायोसमध्ये एक्सएमपी चालू केले. तोपर्यंत रॅम २४०० वर चालत होती, ३२०० वर गेली. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद, 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' आणि 'रिसाइझ बार' (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी दाखवणारे पर्याय) चालू. एफटीपीएम (प्रोसेसरमधला, किल्ल्या सांभाळणारा टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट या दोन्हींशिवाय सुरू होत नाही. सीएसएम बंद केल्यावर ड्राइव्ह दिसलाच नाही तर तो जुन्या एमबीआर पद्धतीचा आहे असे समजावे. विंडोजमधलेच 'एमबीआर-टू-जीपीटी' साधन डेटा न पुसता तो बदलते, पण बॅकअप घेतल्याशिवाय ते चालवू नये.

इथे एक अडचण आली आणि ती बोर्ड बदलणाऱ्या जवळजवळ कोणालाही येऊ शकते. विंडोजने ड्राइव्हच्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी की मागितली. ड्राइव्ह एनक्रिप्ट असल्याचे मालकाला ठाऊकच नव्हते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की हे स्वतःहून चालू करतात. कुलुपाची किल्ली जुन्या बोर्ड-प्रोसेसरच्या टीपीएमशी बांधलेली असते, बोर्ड बदलला की ती चालत नाही. सुदैवाने की मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. त्या खात्यात शिरता आले नसते तर डेटा गेला असता. तुमचा बोर्ड आज चालू असेल तर ती की आजच कागदावर लिहून ठेवा.

अ‍ॅक्टिव्हेशनही गेले. सेटिंगमधल्या ट्रबलशूटरमध्ये 'नुकतेच हार्डवेअर बदलले' हा पर्याय निवडल्यावर खात्याशी जोडलेला परवाना परत आला. पीसीबरोबर आलेला ओईएम परवाना मात्र मूळ बोर्डाशीच बांधलेला असतो.

मोजमाप

अर्धा तास प्रोसेसरला पूर्ण लोड देऊन एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये 'मॉस' नावाचे तापमान पाहिले. खोली ३१ अंशांवर, मॉसफेट ६८ वर थांबले. तापमान ९०च्या खाली स्थिर राहिले तर काळजी नाही. सतत १०० ओलांडत असेल तर हवेची व्यवस्था बदलावी लागते.

कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये कार्ड 'एक्स८ ३.०', म्हणजे ८ लेन आणि पीसीआयई ३.०, दाखवत होते. मालकाने विचारले, बोर्ड ४.० चा असून असे का? कारण तेच, ५६००जी. हे पाहताना कार्डाला लोड द्यावा लागतो. रिकाम्या वेळी वीज वाचवण्यासाठी कार्ड १.१ वर उतरते आणि लोक उगाच घाबरतात.

वीज जोडणीही तपासली. फेज-न्यूट्रलमध्ये २३८ व्होल्ट, पण न्यूट्रल-अर्थिंगमध्ये ११. हे एक-दोन व्होल्ट असायला हवे. घराचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता आणि तारेचा जोड गंजला होता. इलेक्ट्रिशियनने तो नवा केला. कार्डाचे ११५ वॉट, प्रोसेसरचे ८८ आणि बाकीचे मिळून हा पीसी गेममध्ये २५० वॉटच्या आसपास जातो, म्हणून ६०० व्हीए, म्हणजे ३६० वॉटचा यूपीएस त्याला पुरतो. मॉनिटरही त्यावरच, प्रिंटर नाही.

दिवाळीनंतर

नोव्हेंबरमध्ये ५७००एक्स आला. बसवण्याआधी बिटलॉकर तात्पुरते थांबवले, कारण प्रोसेसर बदलला तरी एफटीपीएम बदलतो. पहिल्या बूटला काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की नवा प्रोसेसर सापडला आहे, एफटीपीएम पुसायचा का. पुसण्यासाठी 'वाय' दाबायचे. की हाताशी नसताना इथे 'वाय' दाबणे म्हणजे पुन्हा तेच कुलूप. मॉनिटरची तार बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये असेल तर आता तिथून काहीच दिसणार नाही, ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नाही. लोड देऊन जीपीयू-झेड उघडले तेव्हा ओळ बदलली होती: एक्स८ ४.०.

५६००जी विकून तीनचार हजार आले असते. तो त्याच्या प्लास्टिकच्या कवचात ठेवून दिला आहे. पुढे कधी पडदा काळा झाला तर कार्ड काढून, तो लावून, बोर्डाच्या एचडीएमआयवरून पहिली चाचणी घरीच होईल.